आधी तोंडावर, मग वर

नाही, पण मी म्हणतो, एखाद्याची तक्रार करायची तर ती गपचूप करता आली पाहिजे की नाही? साधी गोष्ट आहे हो! जगात सगळीकडे माणसं तक्रारी कशा करतात? मागच्या दाराने जातात, कानात सांगतात, पुढच्या दाराने बाहेर येऊन त्याच माणसाला हसून नमस्कार करतात, चालू आहे जग! पण आम्ही पडलो शिक्षक. आमच्या प्रांतात शिक्षकांची आचारसंहिता आहे, आणि ती कुठे कपाटात नाही, आमच्या स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्हच्या बरोब्बर वर चिकटवलीय, म्हणजे सूप गरम होईपर्यंतची दोन मिनिटं माणसाने करायचं काय, तर ती वाचायची. पंधरा वर्षं मी सूप गरम करतोय, मला ती पाठ झालीय. त्यातलं एक कलम असं, की सहकारी शिक्षकाविरुद्ध वर काही सांगायचं असेल, तर आधी त्या शिक्षकाला सांगायचं. स्वतः. की बाबा रे, मी तुझी तक्रार करणार आहे. आणि मग वर जायचं. आधी तोंडावर, मग वर!

ज्याने हे लिहिलं ना, त्याला एकदा थीसनबाईंसमोर उभा करा. मग बघू.

आता थीसनबाई कोण, तर सहावी 'अ'च्या वर्गशिक्षिका. मी सहावी 'ब'. मध्ये एक भिंत. लॉर्ना थीसन, छत्तीस वर्षं नोकरी, या जूनअखेर निवृत्त. आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं, सहकारी आहेत ना, जा आणि सांग. अहो, पण या बाईंनी मला तिसरीत शिकवलंय! हा डॅरिल स्टेफुरा आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर केस मोजके आहेत, गावाच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक आहे, पण बाई कॉरिडॉरमधून आल्या की माझा हात आपोआप खिशातून बाहेर येतो. पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "डॅरिल, आता आपण सहकारी, मला लॉर्ना म्हण." म्हटलं, हो बाई. पंधरा वर्षं झाली, 'लॉ'च्या पुढे गाडी गेलेली नाही.

तर मंगळवार. प्रांताची परीक्षा. सहावीच्या सगळ्या पोरांची एकाच दिवशी, एकाच वेळी, सीलबंद पाकिटं, आणि नियम किती म्हणता? भिंतीवरचे तक्ते झाकायचे, म्हणजे पोरांनी नकाशात बघून उत्तर शोधायला नको. मी नकाशे झाकले, अंक झाकले, मुळाक्षरं झाकली, एका पोरीने विचारलं, सर, घड्याळ झाकायचं का? इतका मी काटेकोर! कोणाला प्रश्न समजावून सांगायचा नाही, उत्तराकडे बघून भुवई उडवायची नाही, आणि उत्तरं फक्त पेन्सिलीने. आणि नेमका नऊ चाळीसला आमच्या वर्गाचा शार्पनर बसला! भिंतीवरचा, दांडी फिरवायचा, शाळेइतकाच जुना. खर्रर्र झालं आणि दांडी हातात. चोवीस पोरं, बोथट पेन्सिली, आणि वाचनाचा पेपर. आता थीसनबाईंकडे विजेवर चालणारा शार्पनर आहे, त्यांचा स्वतःचा, सगळ्या शाळेत एकच. म्हणून मी सहज, अगदी सहज, पलीकडच्या वर्गाच्या दारापाशी गेलो.

दाराला उभी काच आहे. आत बघितलं. पोरं माना खाली घालून लिहितायत. आणि बाई टेसाच्या बाकापाशी उभ्या. टेसा म्हणजे ती, जिची आई एप्रिलपासून एडमंटनच्या हॉस्पिटलात आहे, पोरगी मावशीकडे राहते, एक दिवस शाळेत येते तर दोन दिवस येत नाही. टेसा रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी. आणि बाईंचं बोट तिच्या उत्तरपत्रिकेवर. टेकलेलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या पोरीने बोटाकडे बघितलं, खोडरबर घेतलं, लिहिलेलं खोडलं, आणि दुसरं लिहिलं.

शार्पनर मागायचा राहिला बाजूला, मी तिथेच काचेला नाक लावून उभा! बोट उत्तरावर होतं की प्रश्नावर? की नुसतं 'बाळा, इथून सुरुवात कर' असं? मग बाईंनी मान वर केली. सरळ काचेकडे. माझ्याकडे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि मी... पळालो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पळाला! वर्गात येऊन बघतो तर सगळी पोरं एकदम शांत. इतकी शांत, की त्या तशा अवस्थेतही मला जरा अभिमान वाटला. वाटलं, आपण लावलेली शिस्त आहे.

पण डोक्यातून ते बोट जाईना हो. शुक्रवारी साडेतीनला पेपर न्यायला गाडी येणार. त्याआधी आम्ही दोघांनीही हमीपत्रावर सही करायची, की परीक्षा नियमाप्रमाणे झाली, आणि कोणताही गैरप्रकार माझ्या माहितीत नाही. माझ्या माहितीत नाही! आणि माझ्या माहितीत आहे ना! सही केली तर मी खोटारडा, माझ्या शिकवण्याच्या सनदेवर संकट. नाही केली तर विचारणार, का नाही केलीस? मग सांगावं लागणार, आणि सांगितलं तर ज्या बाईने मला वाचायला शिकवलं तिची सनद शेवटच्या महिन्यात चौकशीवर. आणि वर पुन्हा ती पाटी! शाळेच्या ग्रंथालयाला बाईंचं नाव द्यायचं ठरलंय, पितळेची पाटी करायला टाकलीय, पुढच्या गुरुवारी निरोप समारंभ, आणि त्यात बाईंवर भाषण कोण करणार? सर्वानुमते ठरलं... डॅरिल! त्यांचा विद्यार्थी आणि सहकारी! चार पानं लिहून तयार होती. विषय, बाईंचा प्रामाणिकपणा.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. शेली नर्स आहे, तिला रक्त बघून काही होत नाही, तर माझ्या प्रश्नांनी काय होणार. बटाटे वाढता वाढता म्हणाली, मग जाऊन विचार की त्यांना. म्हटलं, तुला कळत नाहीये, त्या थीसनबाई आहेत. तर म्हणते, "डॅरिल, तुझं लग्न झालंय, तुला दोन मुलं आहेत, ती बाई आता तुला कोपऱ्यात उभं नाही करू शकत." हिला काय माहीत! ही कॅलगरीची, हिने बाईंचा तो चष्म्यावरून बघण्याचा प्रकार बघितलेला नाही.

बुधवारी सकाळी मी ठरवलं, कलम गेलं चुलीत, सरळ मुख्याध्यापिकेकडे जायचं. नॅडीन प्रोकॉप. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बाईंचीच विद्यार्थिनी, तशी या गावात कोण नाही म्हणा. आत गेलो, दार लावलं, म्हटलं, नॅडीन, परीक्षेच्या वेळी मी एका शिक्षिकेला... एवढंच बोललो हो! एवढंच! हिने दोन्ही हात वर केले, जणू मी बंदूक काढलीय. "थांब. तिला सांगितलंस?" म्हटलं, नाही, पण... "मग मी काही ऐकलं नाही." अगं, पण तू ऐकलंस ना आत्ता! "काही ऐकलं नाही. आधी तिला सांग, मग ये." आणि कीबोर्ड बडवायला लागली. कॉम्प्युटर बंद होता, हे मी तेव्हाच बघितलं, पण त्याचा अर्थ नाही लावला. माझी अवस्था अर्थ लावण्याची नव्हतीच.

बाहेर आलो, सूप गरम करायला लावलं, समोर ते कलम. आधी तोंडावर, मग वर!

बरं, ठीक आहे. सांगतो. माणूस आहे, वाघ नाही. बुधवारी दुपारी बसची ड्यूटी आम्हा दोघांची. पिवळी जाकिटं घालून फाटकापाशी उभं राहायचं, पोरं मोजून बसमध्ये भरायची. जूनचा महिना, डास असे की पोरांपेक्षा डासच जास्त बसमध्ये चढत होते. मी मनात वाक्य जुळवतोय, 'बाई, मला एक नाजूक गोष्ट,' नको, नाजूक नको, 'बाई, मंगळवारी मी योगायोगाने'... आणि एवढ्यात बाईच माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "डॅरिल, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

झालं! म्हणजे यांना कळलंय मी बघितलं ते. आता या विनवणी करणार. थीसनबाई विनवणी करणार, माझ्यापुढे! तुम्हाला सांगतो, त्यांनी मला पुन्हा छड्या मारल्या असत्या तरी चाललं असतं, म्हणजे त्यांनी कधीच मारल्या नाहीत, पण चाललं असतं. विनवणी नको. ते मला सोसलं नसतं. तेवढ्यात देवासारखं एका पोराच्या नाकातून रक्त आलं. मी त्या पोराला असा उचलला, असा धावलो, की पोरगंच म्हणालं, सर, एवढं काही नाही, माझं नेहमी येतं. म्हटलं, गप्प बस, नाक वर कर.

गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर केक. रुबार्बचा. रुबार्ब तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात, लाल आंबट देठांची भाजी आहे, जूनमध्ये इथे प्रत्येकाच्या परसात माजते आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, गाडीची काच उघडी ठेवायची सोय नाही. पण हा केक! बाईंच्या हातचा, वर साखरेची खरपूस कड, शेजारी चिठ्ठी, 'दुपारी वेळ काढ. लॉ. थी.' मी केककडे बघतोय, केक माझ्याकडे. हा केक आहे की... कसं म्हणू मी ते? छत्तीस वर्षांत ज्या बाईने पालकांकडून नाताळात मोज्यांचा जोडसुद्धा घेतला नाही, ती मला केक देतेय! गप्प बसण्यासाठी! माझ्या मनात असं यावं याचीच मला लाज वाटली, आणि लाज वाटता वाटता मी अर्धा केक खाल्ला. काय करणार, नाष्टा झाला नव्हता.

मग ठरवलं, तोंडाने जमत नाही, लिहून देतो. लेखी सांगितलं तरी सांगितलंच ना? मधल्या सुट्टीत पत्र लिहिलं. कसलं पत्र म्हणता, 'मंगळवारी परीक्षेच्या दरम्यान आपल्या वर्गात माझ्या पाहण्यात जे आल्यासारखे वाटले, त्याबाबत काही गैरसमज झाला असण्याची शक्यता गृहीत धरूनही, ते योग्य ठिकाणी कळविणे मला कदाचित भाग पडू शकेल, असे आदरपूर्वक वाटते.' वकील लाजला असता! सही केली, ऑफिसातल्या त्यांच्या कप्प्यात टाकलं, आणि दहा पावलं गेलो असेन नसेन, वाटलं, नको. पत्राने नको. ज्या बाईने माझं अक्षर वळवून घेतलं तिला पत्राने? मागे फिरलो, कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा. दहा पावलांत!

आणि वर तिथेच, ऑफिसच्या टेबलावर, एक खोकं उघडलेलं आणि सगळे जमलेले. पाटी आली होती. पितळेची, झगझगीत, 'लॉर्ना थीसन ग्रंथालय'. सगळे हात लावून बघतायत. नॅडीन माझ्याकडे बघून म्हणाली, भाषण तयार आहे ना रे? म्हटलं, हो, तयार आहे. आणि गर्दीच्या मागे बाई उभ्या, पाटीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, चष्म्यावरून, आणि हातात माझं पत्र. मी थेट व्यायामशाळेच्या चेंडू ठेवायच्या खोलीत. वीस मिनिटं चेंडूंमध्ये बसलो होतो. आचारसंहितेत चेंडूंबद्दल काही नाही.

तिथे बसल्या बसल्या तिसरी आठवली. एका पोराने माझे हातमोजे घेतले होते, उणे तीस तापमान, मी रडत बाईंकडे, बाई, ह्याने माझे हातमोजे घेतले! बाई फळा पुसत होत्या. मागे वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "त्याला सांगितलंस?" नाही बाई. "आधी त्याला सांग. मग माझ्याकडे ये." गेलो, त्याला सांगितलं, तर त्याचे स्वतःचे हरवले होते आणि त्याची आई घरी रागावली असती म्हणून घेतले होते. मग काय, एक हातमोजा त्याने घातला, एक मी, दुसरा हात खिशात. बाईंकडे परत जायचं कामच पडलं नाही. म्हणजे बघा, प्रांताने ते कलम लिहिलं असेल नसेल, मला तर ते आठव्या वर्षीच बाईंनी शिकवलं होतं. आणि तेच आता बाईंवर चालवायचं! चेंडूंमध्ये बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

शुक्रवार. दुपारचे पावणेतीन. हमीपत्र माझ्या टेबलावर, पेन उघडं, गाडी यायला पाऊण तास. पोरं मैदानावर. मी उठलो. कोट सारखा केला, जूनमध्ये कोट घातला होता त्या दिवशी, आणि भिंतीपलीकडे गेलो. दार वाजवलं. "ये." आत गेलो, तर बसायला सहावीच्या पोरांची खुर्ची, गुडघे हनुवटीला. बाई टेबलामागे. टेबलावर माझं पत्र. आणि पत्रावर... लाल शाई. अहो, तपासलं होतं! ओळींखाली रेघा, समासात प्रश्नचिन्हं, 'आल्यासारखे वाटले' याला गोल, 'कदाचित'ला गोल, 'पडू शकेल'ला दोन गोल, आणि खाली, 'साडेचार / दहा. काय पाहिलंस ते लिही.'

तीन दिवस जुळवलेली सगळी वाक्यं गेली. उरलं ते तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, "बाई, मंगळवारी तुम्ही टेसाच्या उत्तरावर बोट ठेवलंत. तिने उत्तर बदललं. मी बघितलं. मी नॅडीनला सांगणार आहे."

भिंतीवर झाकलेले नकाशे, अजून कागद काढलेले नव्हते. घड्याळ मात्र उघडं, टिक टिक. बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. मग मान हलवली.

"शाब्बास," म्हणाल्या. "हे दहापैकी दहा."

मग म्हणाल्या, सातवा प्रश्न होता. 'क' पर्यायावर बोट ठेवलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या पोरीने माझ्याकडे बघितलं, आणि माझं बोट गेलं. मला ते थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही. आवाज अगदी नेहमीचा, जणू हजेरी घेतायत. आणि मग म्हणतात काय, हे मी नॅडीनला मंगळवारीच पावणेचारला लिहून दिलंय.

मंगळवारी! म्हणजे मी काचेपासून पळालो, त्यानंतर सहा तासांच्या आत! नॅडीनला सगळं माहीत होतं! तो बंद कॉम्प्युटर, ते हात वर करणं! आणि मी तीन दिवस, अहो तीन दिवस, डासांत, चेंडूंत, केकमध्ये... मी म्हटलं, बाई, मग तुम्ही मला का नाही सांगितलं? म्हणजे विनवणी... म्हणजे तुम्ही मागे लागला होतात ते...

बाईंनी ड्रॉवर उघडला. एक कागद काढला. माझ्यासमोर ठेवला, सरळ, माझ्या बाजूने वाचता येईल असा.

"डॅरिल, मंगळवारी परीक्षा चालू असताना तू तुझा वर्ग सोडून माझ्या दारात उभा होतास. तुझी चोवीस मुलं एकटी होती. मी नॅडीनला सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं, तीन दिवस मी तुझ्या मागे फिरतेय, तू सापडत नव्हतास."

आता सांगा! सांगा मला, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने काय करावं? तीन दिवस मी त्या बोटाचा विचार करत होतो, झोपेत बोट, जेवताना बोट, आणि माझे स्वतःचे दोन पाय कुठे होते याचा विचार एकदाही आला नाही! एकदाही! मी म्हटलं, "बाई, चारच मिनिटं." बाई म्हणाल्या, "सहा. मी घड्याळ पाहिलं."

हमीपत्रावर मग दोघांनीही सही केली नाही. दोघं मिळून गेलो नॅडीनकडे, बाई पुढे, मी मागे, तिसरीतल्यासारखा. नॅडीनने आम्हाला दोघांना एकत्र बघितलं आणि म्हणाली, देवा, संपलं एकदाचं. बुधवारपासून तिला नीट झोप नव्हती म्हणे. पेपर बाहेर काढले, बघितले, आणि आता ऐका. 'अ' वर्गातला टेसाचा एक पेपर बाजूला काढला, तिची मावशी आली, कागदपत्रं झाली, त्या पोरीला या वर्षी परीक्षेतून सूट मिळाली, जी म्हणे एप्रिलमध्येच मागितली असती तर मिळाली असती, कोणी मागितली नाही, मीही नाही, बाईंनीही नाही, हे बाईंनी स्वतःच्याच कागदावर वेगळं लिहून दिलं. आणि 'ब' वर्गात, माझ्या त्या शांत, शिस्तीच्या वर्गात, अकराव्या प्रश्नाला चोवीसपैकी एकोणीस जणांचं एकच उत्तर. तेही चुकीचं! सहा मिनिटं कमी असतात का हो? सोमवारी सगळ्या वर्गाने दुसरा पेपर लिहिला. सोमवारी तळ्यावरची सहल होती. ती रद्द. गावात मी दुकानात गेलो की पोरांच्या आया दुसऱ्या रांगेत जातात.

मला लेखी ताकीद. बाईंनाही लेखी ताकीद, छत्तीस वर्षांतली पहिली, आणि चौकशी शरद ऋतूत पूर्ण होईपर्यंत पाटी खोक्यातच. मला त्याचं फार वाईट वाटलं. बाईंना म्हटलंही तसं. तर म्हणतात, "ग्रंथालयाला पुस्तकं लागतात, डॅरिल." आणि माझ्या हातात पुस्तकांचे दोन डबे दिले, उचल म्हणून.

निरोप समारंभ झाला. सगळं गाव आलं, टेबलं भरून वाहत होती, पिरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, सॉसेज, आणि रुबार्बचे सात केक. मी ती चार पानं फाडली. उभा राहिलो आणि म्हटलं, बाईंनी मला तिसरीत एक गोष्ट शिकवली होती, ती मी गेल्या शुक्रवारी शिकलो. लोकांना वाटलं विनोद आहे, हसले. बाई हसल्या नाहीत. मागच्या रांगेत टेसा मावशीच्या शेजारी बसली होती, ती आणि बाई एकमेकींकडे बघत होत्या. मग मी 'धन्यवाद, लॉर्ना' म्हणून खाली बसलो. लॉर्ना! पहिल्यांदा! कोणी ऐकलं नाही, सगळे केककडे वळले होते.

आता एवढ्यावर हे संपायला हवं होतं की नाही? संपलं नाही! आज सकाळी मी वर्ग आवरायला शाळेत गेलो, तर माझ्या टेबलावर तो विजेवरचा शार्पनर. बाईंचा स्वतःचा. वर चिठ्ठी, 'आता वर्ग सोडू नकोस. लॉ. थी.' मी तो हातात घेतला, लावून बघितला, एका पेन्सिलीला टोक काढलं, मग उगाच दुसऱ्या पेन्सिलीला काढलं, मग अकरा पेन्सिलींना काढलं. एवढी चांगली वस्तू मला आयुष्यात कोणी दिली नाही. आणि मग, सवय वाईट, मी सूप गरम करायला गेलो.

कलम वेगळं आहे बरं का, खालच्या बाजूला, बारीक अक्षरात. ज्या सहकाऱ्याबरोबर तुमचं प्रकरण चौकशीत आहे, त्याच्याकडून भेटवस्तू घेतली तर कळवायचं. वर. मी डोक्याला हात लावला, सूप तिथेच सोडलं, गेलो नॅडीनकडे. ती खोकी बांधत होती, सुट्टी लागली होती तिला. म्हटलं, नॅडीन, एका शिक्षिकेने मला एक... हात वर झाले तिचे. पूर्ण वाक्यसुद्धा नाही ऐकलं.

"तिला सांगितलंस?"

तर असा मी निघालोय बघा. काखेत शार्पनर, खिशात चिठ्ठी, बाईंच्या घरी, की बाई, तुम्ही मला भेट दिलीत, मी तुमची तक्रार करणार आहे. शाळेपासून दहा मिनिटांचं अंतर आहे, गेला पाऊण तास मी त्यांच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर उभा आहे. बाई केव्हाच्या खिडकीत येऊन बसल्यायत, घड्याळाकडे बघतायत... आणि केक कापलाय, हे मला इथूनसुद्धा दिसतंय.